ती जागा धरलेली होती

चौकात ठेवलेल्या उताऱ्यातलं लिंबू दिसलं की त्याला लाथ घालून समोरच्या गटारीत गोल मारणारा माणूस आहे मी. आई बोंबलायची, मी हसायचो. त्यामुळे या सदरात आपण कधी काही लिहू असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. उलट इथले अनुभव वाचून खाली खोचक प्रतिक्रिया टाकणाऱ्यांतलाच मी एक... आता हसायची पाळी तुमची. हसा खुशाल, पण आधी पूर्ण वाचा.

मी कोल्हापूरचा. दुबईत बिल्डिंगांना बाहेरून काचा लावणाऱ्या एका कंपनीत एस्टिमेशनला आहे. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बायको अमृता आणि मुलगी आर्या यांच्यासोबत राहतो. धाकटा भाऊ सुजित शारजात असतो – वेअरहाऊस सुपरवायझर, लग्न व्हायचंय, मराठी पोरांबरोबर रूम शेअर करतो. शारजातनं दुबईला रोज ट्रॅफिकमध्ये मरणाऱ्यांपैकी तो नाही, नोकरी तिथलीच. एवढंच त्याचं नशीब.

कोल्हापूर आणि फुटबॉल हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे पेठेविरुद्ध पेठ खेळते आणि मॅच संपली की खरी मॅच सुरू होते. दगड, पट्टे, जे हाताला लागेल ते. माझ्या उजव्या भुवईवर खूण आहे ती तिथलीच. पण मारामारीलाही आमचे नियम होते. पडलेल्याला मारायचं नाही, आणि एकट्याला दहाजणांनी घेरायचं नाही. ज्यानं हे मोडलं त्याला त्याच्याच पेठेत कुणी चहा पाजायचं नाही.

दुसरा नियम जागेचा. गॅलरीत लवकर जाऊन रुमाल टाकायचा आणि जागा धरायची. मॅच सुरू होईपर्यंत त्या रुमालाला मान. शिट्टी वाजली की तो नुसता कापडाचा तुकडा, जो आधी बसेल त्याची जागा. हा नियम लक्षात ठेवा, सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं.

दरवर्षी आम्ही दोघं भाऊ रजा साठवून स्पेनला जातो. बायका देवदर्शनाला जातात तसं आम्ही स्टेडियम बघत हिंडतो. अमृता म्हणते, "बारा ज्योतिर्लिंगं झाली का तुमची?" मोठमोठी मैदानं, म्युझियम, रांगा, सेल्फी... ते सगळं झालं. या वेळी सुजितला एक लहान मैदान बघायचं होतं. उत्तरेला, समुद्राकाठचं बंदराचं गाव, पाऊस सतत. टुरिस्ट कुणी नाही. गावाचं आणि क्लबचं नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांनी आमचं काही वाईट केलेलं नाही. निदान मला तसं वाटतं.

गोलच्या मागची गॅलरी, सीटला नंबर नाहीत, आणि माणसांची नुसती खच्चून गर्दी. आम्ही उशिरा पोचलो. एका ओळीच्या टोकाला एकच खुर्ची रिकामी, तिच्यावर एक जुना, धुवून धुवून विटलेला स्कार्फ घडी घालून ठेवलेला. शेजारी एक म्हातारी. मी मागे पायऱ्यांवर उभा राहून सुजितच्या फोनवर व्हिडिओ काढत होतो. शिट्टी वाजली. सुजितनं स्कार्फ उचलला आणि बसला. म्हातारी त्याचा दंड धरून काहीतरी बोलायला लागली, बराच वेळ बोलली. हा हसून म्हणाला, "मावशी, शिट्टी वाजली. आता जागा गेली."

तिनं दंड सोडला. हाफटाइमला तिथली पद्धत अशी की सगळे घरून फॉइलमध्ये गुंडाळून आणलेले पाव उघडून खातात. म्हातारीकडे दोन पुड्या होत्या. एक तिनं खाल्ली, दुसरी तशीच मांडीवर धरून बसली. सुजित बाथरूमला गेला तेव्हा खुर्चीवर आपला रुमाल टाकून गेला – निळ्या चौकड्यांचा, कोपऱ्यात आईनं लाल दोऱ्यानं 'सु' शिवलेला. हॉस्टेलला असल्यापासूनची तिची सवय, अजून पार्सलमधून तसलेच रुमाल येतात.

मॅच संपली. निघताना म्हातारीनं तो स्कार्फ सुजितच्या गळ्यात घातला, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि कपाळाचा मुका घेतला. मला तर भरूनच आलं. किती मायाळू माणसं, असं आम्ही हॉटेलपर्यंत बोलत गेलो. रुमाल तिथेच राहिला हे सुजितला एअरपोर्टवर आठवलं.

परत आल्यावर पहिल्याच वीकेंडला सुजितच्या रूममेटचा, नितीनचा फोन. नितीन चिपळूणचा, गरीब पोरगा. "दादा, सुजितला लागलंय. लवकर या."

संध्याकाळचा शारजा रोड कसा असतो ते तिथल्यांना माहीत आहे. शिव्या घालत पोचलो. सुजित भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला. ओठ फाटलेला, डावा डोळा बंद, बनियन रक्तानं भिजलेलं. टीव्हीवर त्याच क्लबच्या मॅचनंतरची बडबड चालू होती.

"कुणी मारलं?"

"कुणी नाही, दादा."

आता सांगा, हे कोण ऐकून घेईल? मी नितीनची कॉलर धरली आणि त्याच्या थोबाडात एक ठेवून दिली. त्याच्या नाकातनं रक्त आलं. तो रडत म्हणाला, "दादा, मी हात नाय लावला हो. मी त्याला धरत होतो. मारणारा दिसतच नव्हता... नुसता मार बसत होता."

शारजात दारू मिळत नाही, त्यामुळे प्यायले होते म्हणायचीही सोय नव्हती. तरी मला ते खोटंच वाटलं. पोरांची आपसात जुंपली असणार आणि केस झाली तर व्हिसा जाईल म्हणून झाकतायत, असं मी धरून चाललो. क्लिनिकमध्ये जिन्यावरनं पडला म्हणून सांगितलं. नितीनची मी नंतर माफी मागितली, पण ती पुढची गोष्ट.

त्या रूमपासून लांब न्यावं म्हणून पुढच्या रविवारी आम्ही सुजितला घेऊन खोर फक्कानला गेलो. डोंगर, बोगदे, मग एकदम समुद्र. लांब बंदरावरच्या क्रेन दिसत होत्या. आर्या वाळूत किल्ला करत होती, अमृता इडल्या काढत होती. उन्हं कलली होती. सुजितनं फोन बघितला, म्हणाला, "मॅच सुरू झाली बघ आपली," आणि त्याचं डोकं खाडकन मागे गेलं.

मी समोर होतो. दोन हातांवर. आजूबाजूला कुणी नाही.

तो वाळूत आडवा झाला आणि त्याचं पोट आत गेलं. परत गेलं. बूट बरगडीत बसला की जो आवाज येतो तो मला माहीत आहे, मी तो दिलाय आणि खाल्लाय. तोच आवाज. एकामागून एक, वेगवेगळ्या बाजूंनी, म्हणजे मारणारे बरेच. मी त्याच्यावर पालथा पडलो. तुम्ही म्हणाल मग मला लागलं असेल. नाही. माझ्याखाली त्याचं अंग उसळत होतं, हाडं वाजत होती, आणि मला कशाचा स्पर्शही होत नव्हता. एवढं असहाय्य मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तो ओरडत होता – "आमा... आमा..." आम्ही आईला आई म्हणतो. आमा हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलेला नाही.

"बाबा, व्हाय इज काका ब्लीडिंग?" आर्या विचारत होती. अमृतानं तिचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं.

मध्ये थोडा वेळ थांबलं. आम्ही त्याला गाडीत घातला. आणि वाटेत, बोगद्यातून जाताना, मागच्या सीटवर परत सुरू झालं. तो गॅप म्हणजे हाफटाइम होता, हे मला घरी आल्यावर समजलं.

हॉस्पिटलात बरगड्या मोडल्याचं निघालं, आणि पोटात आत रक्तस्राव. डॉक्टर केरळी, शांत माणूस. मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाला, "इस जगह फिर से मार लगी तो मैं कुछ नहीं बोल सकता." कुणी मारलं हे त्यानं विचारलं. मी म्हणालो, पडला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि काही लिहिलं नाही.

आता मात्र मी मॅचचा विचार करायला लागलो. दोन मॅच, दोनदा मार. पुढच्या रविवारी त्या क्लबची शेजारच्या गावाशी मॅच – म्हणजे आमच्या पेठापेठांसारखं जुनं वैर. आणि आठवला तो गॅलरीतला व्हिडिओ. सुजितच्या फोनवरून तो मी माझ्याकडे घेतला.

ऑफिसात नेरेआ म्हणून एक स्पॅनिश मुलगी आहे, ड्रॉइंग्ज बघते. तिला कॅन्टीनमध्ये तो दाखवला. ती हसत हसत बघायला लागली आणि मग हसायची थांबली. परत लावायला सांगितलं. म्हातारी काय म्हणत होती ते तिनं मला इंग्लिशमध्ये सांगितलं, ते असं:

"ऊठ बाळा. ही माझ्या मुलाची जागा आहे. त्याला शेजारच्या गावच्या पोरांनी पुलाखाली अडवलंय. मॅचला यायला निघालाय तो, अजून पोचायचाय. मी जागा धरून ठेवलीय. ऊठ."

"अडवलंय?" मी विचारलं. "कधी?"

नेरेआ म्हणाली, "व्हिडिओत नाही सांगत. पण स्कार्फ बघ ना. असे स्कार्फ माझे बाबा लहान असताना असायचे." आणि 'आमा' म्हणजे त्या भागात आई, हेही तिनंच सांगितलं. मग तिनं जेवण तसंच ठेवलं आणि उठून गेली.

मी संतापलो होतो. त्या बाईनं माझ्या भावाच्या गळ्यात मरण बांधलं असंच मला वाटलं. घरी येऊन म्हटलं, तो स्कार्फ जाळून टाकू. हॉस्पिटलातून सोडल्यावर सुजितला आमच्याकडेच आणलं होतं. हॉलमध्ये गादीवर पडलेला, बोलतानाही कळ यायची त्याला. तो म्हणाला, "नको दादा. त्याची जागा आहे ती. मीच बसलो ना त्याच्या जागेवर."

अमृता त्याची उशी सारखी करत होती. ती म्हणाली, "अहो, सर्वपित्रीला आपण पान वाढतो. का वाढतो? येणाऱ्याला बसायला जागा लागते. तुम्ही त्याची जागा उचलून इथे आणलीत. मग इथे मांडा."

दुसरं काही सुचत नव्हतं. मांत्रिक-बिंत्रिक दुबईत शोधायचा कुठे, आणि शोधला तर आत जाल. रविवारी आर्याला मैत्रिणीकडे पाठवलं. डायनिंगची एक खुर्ची टीव्हीसमोर मांडली, तिच्यावर तो स्कार्फ घडी घालून ठेवला. अमृतानं खुर्चीसमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मी – लिंबाला लाथ घालणारा मी – हात जोडून मराठीत म्हणालो, "बाबा रे, ही तुझी जागा. आमच्या पोराला सोड." सुजितच्या अंगावर आम्ही उश्या रचल्या होत्या. त्याचा हात मी धरून बसलो. तो मरणार की राहणार, एवढंच त्या संध्याकाळी ठरायचं होतं.

शिट्टी वाजली.

खुर्ची सरकली. आपोआप, फरशीवर पाय घासत. मग तिच्या पाठीवर काहीतरी एवढ्या जोरात बसलं की लाकूड तडकलं. सुजितला काही झालं नाही. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. चला, म्हटलं, बला टळली. मग खुर्ची आडवी पडली, आणि आडव्या पडलेल्या खुर्चीवर लाथांचा तो आवाज सुरू झाला, आणि त्या आवाजाखाली एक पोरगा रडायला लागला. "आमा... आमा..." या वेळी आवाज सुजितचा नव्हता. सुजितचं तोंड मिटलेलं होतं. त्याच्या मिटलेल्या ओठांतून रक्ताची धार लागली होती.

म्हणजे तिकडे बसणारा मार इकडे पोचत होताच.

त्यानंतर मी जे केलं त्याला डोकं लागत नाही. माझं डोकंच फिरलं. भीती कुठल्या कुठे गेली. एक पोरगं पडलंय आणि दहाजण त्याला तुडवतायत – हे मी मैदानावर कधी चालू दिलं नाही, माझ्या घरात चालू देऊ? मी उठलो आणि त्या खुर्चीच्या वर, हवेत, जिथे एखाद्याचं तोंड असेल तिथे, सगळा जोर लावून गुद्दा हाणला.

आणि तो लागला.

बोटांच्या सांध्यात काहीतरी रुतलं. ओल्या लोकरीचा आणि बिअरचा वास आला. मग मला कानाखाली बसली, अशी की मी टीव्हीच्या टेबलावर जाऊन आदळलो. मी परत उठलो. कोपर, गुडघा, डोकं – जे पेठेत शिकलो ते सगळं. कधी हाताला जॅकेट लागत होतं, कधी केस, कधी नुसती हवा. माझ्या पाठीत लाथ बसली, मी एकाला धरून भिंतीवर आपटला, भिंतीवरचं घड्याळ खाली पडून फुटलं. अमृता स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली आणि डोळे मिटून तिनं तो फिरवला. कशावर तरी तो दणकन बसला, ती स्वतःच दचकली. मी ओरडत होतो, "वाट सोडा रे त्याची! पोरगं मॅचला चाललंय, जाऊ द्या त्याला!" मराठीत. त्यांना काय कळणार होतं? पण मी तेच ओरडत होतो.

मग माझ्या मांडीला घासून काहीतरी गेलं. कुणीतरी जमिनीवरून उठावं आणि लंगडत पळत सुटावं, तसं. पावलं वाजली – हॉलभर, मग टीव्हीच्या दिशेनं, मग नाही.

सगळं थांबलं. टीव्हीवर मॅच चालू होती. खाली कुणीतरी कार पार्क करत होतं.

सुजित जिवंत होता. तोंड पुसलं, परत रक्त आलं नाही. शेजारचे लेबनीज काका दार वाजवून विचारून गेले, "हबीबी, एव्हरीथिंग ओके?" अमृता दार अर्धं उघडून म्हणाली, कपाट पडलं. हातातला बत्ता तिनं पाठीमागे लपवला होता.

मोडलेली खुर्ची मी सरळ करायला गेलो. स्कार्फ नव्हता. गादीखाली, सोफ्याखाली, बाल्कनीत, सगळीकडे शोधला. खुर्चीच्या बैठकीवर एक रुमाल होता. निळ्या चौकड्यांचा, कोपऱ्यात लाल 'सु'. घडी घातलेला आणि चिंब भिजलेला. दुबईत तेव्हा कित्येक महिने पाऊस नव्हता.

माझा हात सुजला म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवला. तो म्हणाला, ही दाताची जखम आहे, कुणाच्या तरी तोंडावर मारलंय तुम्ही. कुणाच्या? मी म्हटलं, माहीत नाही. हे उत्तर त्याला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. डाव्या कानानं मला अजून कमी ऐकू येतं.

नितीनला घरी बोलावून त्याची माफी मागितली, तांबडा-पांढरा खाऊ घातला. तो म्हणाला, "दादा, तुमचा हात लय जड हाय," आणि सगळे हसलो. त्यानंतर सुजितला काही झालं नाही. तो हळूहळू बरा झाला, कामावर गेला.

ओळखीच्या एका सायकॅट्रिस्टला सगळं सांगितलं. त्यानं झटके, धक्का, भावाभावांतलं सजेशन अशी बरीच कारणं दिली. रुमालाचं विचारल्यावर म्हणाला, तुमच्याकडे तसले बरेच रुमाल असतील. असतील. म्हातारीनं तो स्कार्फ मुद्दाम गळ्यात घातला, की तिला सुजितमध्ये आपला पोरगा दिसला म्हणून मायेनं, तेही मला माहीत नाही. मी त्यावर तासन् तास विचार केलाय आणि काही हाताला लागलेलं नाही. तुम्हाला कुणाला काही सुचलं तर खाली लिहा. खोचक लिहिलंत तरी चालेल.

फक्त एक सांगायचं राहिलं. त्या सीझनच्या शेवटी त्या क्लबची मॅच आम्ही तिघं आमच्या हॉलमध्ये बसून बघत होतो. सुजित आधी तयारच नव्हता, मग बसला. हाफटाइमला कॅमेरा गोलच्या मागच्या गॅलरीवरून फिरला. पाऊस, खच्चून गर्दी, लोक पायऱ्यांवर उभे. आणि ओळीच्या टोकाची ती खुर्ची रिकामी. तिच्यावर स्कार्फ नाही, रुमाल नाही, काही नाही. एवढी माणसं उभी होती, पण तिथे कुणी बसत नव्हतं.

सुजितनं चित्र थांबवलं. शेजारी म्हातारी होती. एक पाव तिच्या हातात होता, आणि दुसऱ्या पुडीची फॉइल उघडून तिनं रिकाम्या खुर्चीकडे धरली होती. ती त्या बाजूला तोंड करून काहीतरी बोलत होती. आई पोराला जेवताना रागावते, तसा चेहरा.

 मग अमृता म्हणाली, "पोचला वाटतं."